शाळा-महाविद्यालयांच्या आवारातील प्रवेशनियंत्रण आणि सुरक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवारात कॅमेरे बसवले आहेत. मग प्रवेशनियंत्रणाची वेगळी व्यवस्था कशासाठी?

कॅमेरा घडलेले दाखवतो, घडणारे थांबवत नाही. प्रवेशनियंत्रण म्हणजे कोण, केव्हा, कुठल्या दारातून, आवाराच्या कुठल्या भागापर्यंत जाऊ शकतो हे आधी ठरवणे आणि ते पाळले जाते की नाही याची नोंद ठेवणे. त्यासाठी यंत्र लागतेच असे नाही. फाटकावरचा जाणता शिपाई आणि नीट लिहिलेली अभ्यागत नोंदवही हेसुद्धा प्रवेशनियंत्रणच आहे, आणि अनेक ठिकाणी तेच सर्वांत भरवशाचे ठरते.

दुसरी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. सुरक्षेचा विचार करताना बहुतेक संस्थाचालकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरून उडी मारून येणारा परका माणूस असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा आरोप शाळेतच काम करणाऱ्या कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर होता. अशा माणसाला फाटक अडवत नाही, कारण त्याच्याकडे आत येण्याची परवानगी असते. म्हणून ‘बाहेरच्याला कसे रोखावे’ या प्रश्नाइतकेच महत्त्व ‘आत आलेल्याला कुठवर जाता यावे’ या प्रश्नाला द्यावे लागते. पुढील उत्तरांत हा मुद्दा वारंवार येईल.

सुरुवात कशापासून करावी? विक्रेत्याकडून दरपत्रक मागवावे का?

दरपत्रक सर्वांत शेवटी मागवावे. आधी आवाराचा साधा हातनकाशा काढून एक संपूर्ण दिवस, शाळा भरण्याच्या आधीच्या अर्ध्या तासापासून शेवटची बस निघेपर्यंत, फाटकापाशी उभे राहून निरीक्षण करावे. किती जण येतात, कुठल्या वाटेने येतात, मुलांना न्यायला कोण येते, दूधवाला आणि पोषण आहाराचे साहित्य आणणारा टेम्पो कुठे थांबतो, मैदानाकडचे मागचे दार दिवसभरात किती वेळ सताड उघडे असते, हे सारे लिहून काढावे.

बहुतेक शाळांत असे दिसते की पुढच्या फाटकावर दोन रक्षक असतात आणि मागच्या बाजूला, कुंपणाची जाळी वाकवून तयार झालेली पायवाट शेजारच्या वस्तीतील सर्वांना ठाऊक असते. ती बंद केल्याशिवाय पुढच्या फाटकावर कितीही महाग यंत्र बसवले, तरी त्याचा उपयोग केवळ प्रामाणिक माणसांची रांग लावण्यापुरता होतो.

या पाहणीनंतर आवाराचे तीन पट्टे ठरवावेत. पालक व पाहुणे जिथवर येऊ शकतात तो कार्यालयापर्यंतचा पट्टा, फक्त विद्यार्थी व शिक्षकांसाठीचा वर्गांचा पट्टा, आणि प्रयोगशाळेचे रसायन-भांडार, परीक्षा विभाग, विजेची खोली यांसारखा मोजक्याच लोकांचा पट्टा. पूर्वप्राथमिक वर्ग आणि त्यांची स्वच्छतागृहे यांचा चौथा, स्वतंत्र पट्टा असावा, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्रातील शाळांवर कोणती बंधने आहेत?

बदलापूरच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून शाळांना सीसीटीव्ही बसवणे, चित्रणाची नियमित तपासणी करणे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घेणे, तक्रारपेटी ठेवणे अशी बंधने घातली. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळा स्तरापासून ‘सखी सावित्री’ समिती स्थापन करण्याचा निर्णय त्याआधीचा, १० मार्च २०२२ चा आहे.

याखेरीज ‘पॉक्सो’ म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा प्रत्येक संस्थेला लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला अपराध कळवला नाही, तर कलम २१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘शाळेचे नाव खराब होईल, आधी आपल्या पातळीवर चौकशी करू’ हा विचार म्हणूनच चुकीचा तर आहेच, पण बेकायदेशीरही आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक प्रत्येक मजल्यावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असावा.

शाळा सुटताना मुलाला योग्य व्यक्तीच्याच हाती दिले जाते आहे, याची खात्री कशी करावी?

शाळेच्या सुरक्षेतील सर्वांत अवघड अर्धा तास हाच. सकाळी मुले सावकाश, वेगवेगळ्या वेळी येतात. दुपारी ती एकदम बाहेर पडतात, रस्त्यावर रिक्षा व व्हॅनची दाटी असते, पाऊस असेल तर छत्र्यांखाली कुणाचा चेहराही दिसत नाही. अशा वेळी प्रत्येकाचे कार्ड तपासायला गेल्यास फाटकावर चेंगराचेंगरीची वेळ येते. त्यामुळे वयानुसार पद्धत बदलावी लागते.

बालवर्ग ते दुसरीपर्यंतच्या मुलांना वर्गशिक्षिकेने किंवा तिच्या मदतनीस ताईंनी स्वतः पालकांच्या हाती द्यावे. शाळेने प्रवेशाच्या वेळीच मुलाला नेण्यास अधिकृत असलेल्या व्यक्तींची, फार तर चौघांची, छायाचित्रासह यादी घ्यावी. त्यात आजी-आजोबा आणि नेहमीचे व्हॅनवाले काका यांचीही नावे येऊ शकतात. यादीत नसलेला माणूस आला तर पालकाने नोंदवलेल्या क्रमांकावर शाळेने स्वतःहून फोन करावा. आलेल्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवरून लावून दिलेल्या फोनवर ‘हो, सोडा’ असे कोणी म्हटले, तर ते मान्य करू नये. हा नियम पालकांना कधी कधी अपमानास्पद वाटतो. “मी तिचा सख्खा मामा आहे, मुलगी मला ओळखते,” असे सांगणारा बहुतेक वेळा खरोखरच मामा असतो. तरीही मुलीने ओळखणे हा पुरावा मानता येत नाही, कारण मुलांना त्रास देणारी व्यक्ती अनेकदा ओळखीतलीच असते.

आई-वडिलांमध्ये ताब्यावरून वाद चालू असल्यास शाळेने कोणाचीही तोंडी बाजू ऐकून निर्णय घेऊ नये. न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागावी, ती मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवावी, आणि फाटकावरच्या माणसाला फक्त ‘या मुलाला कार्यालयातून परवानगी आल्याखेरीज सोडू नये’ एवढेच सांगावे. घरातील भांडणाची माहिती फाटकावर पोहोचण्याचे कारण नाही.

मोठ्या मुलांसाठी कार्ड दाखवून बाहेर पडणे आणि पालकांना संदेश जाणे एवढे पुरेसे असते. मात्र ‘मूल शाळेतून निघाले’ हा संदेश कार्ड निघाल्याचा असतो, मुलाचा नव्हे. मित्राचे कार्ड खिशात घालून दोघांची हजेरी लावणे मुलांना पहिल्या आठवड्यातच जमते.

कार्ड घ्यायचेच असेल, तर कोणते घ्यावे?

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारी कार्डे १२५ किलोहर्ट्झवर चालतात. ती वाचकयंत्राजवळ नेली की आपला ठरावीक क्रमांक उघडपणे सांगतात, त्यामुळे ऑनलाइन सहज मिळणाऱ्या लहानशा यंत्राने त्यांची नक्कल काही सेकंदांत करता येते. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी कार्डे अधिक चांगली, पण त्यांतही फरक आहे. मायफेअर क्लासिक या जुन्या, अजूनही सर्रास विकल्या जाणाऱ्या कार्डाचे सांकेतिक कुलूप २००८ मध्येच नेदरलँड्समधील संशोधकांनी फोडून दाखवले. नवी खरेदी करताना मायफेअर डेसफायरसारख्या एईएस पद्धतीच्या, म्हणजे आजवर न फुटलेले मजबूत सांकेतिक कुलूप असलेल्या, कार्डाची मागणी लेखी करावी.

शाळेतील हजेरीसाठी स्वस्त कार्डही चालू शकते, कारण तिथे नक्कल करून फारसे काही साधत नाही. परीक्षा विभागाच्या दाराला मात्र तेच कार्ड लावणे धोक्याचे आहे. कार्डावर शाळेचा पूर्ण पत्ता, वडिलांचे नाव, मोबाइल क्रमांक आणि रक्तगट असे सगळे छापण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हरवलेले कार्ड ज्याच्या हाती पडेल, त्याला मुलाची एवढी माहिती देण्याची गरज नाही. शाळेचे नाव आणि शाळेचाच दूरध्वनी क्रमांक पुरे.

मुलांच्या बोटांचे ठसे किंवा चेहरा ओळखणारे यंत्र वापरावे का?

माझ्या मते शाळेत वापरू नये, आणि याची दोन कारणे आहेत. पहिले व्यवहाराचे. लहान मुलांच्या बोटांवरील रेषा बारीक असतात आणि बोटे वाढतात, त्यामुळे ठसा न जुळण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असते. चेहराही दोन वर्षांत बदलतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कार्ड हरवले तर नवे देता येते, पण चोरीला गेलेला ठसा बदलून देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. बालकांविषयीची बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढ्या देखरेखीबाबत शैक्षणिक संस्थांना नियमांत मर्यादित सवलत दिलेली आहे. तिचा अर्थ शाळेने हवी ती माहिती हवा तितका काळ साठवावी असा होत नाही.

कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी ठशाचे यंत्र वापरले जाते, ते निराळे. तिथे माणूस प्रौढ असतो आणि आपले म्हणणे मांडू शकतो.

विद्युत कुलुपे लावली आणि आग लागली, तर मुले अडकणार नाहीत का?

हा प्रश्न विचारणारा पालक भेटला की मला समाधान वाटते, कारण विक्रेत्यांच्या सादरीकरणात याचा उल्लेख क्वचितच असतो.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले दगावली. २४ मे २०१९ रोजी सुरतमधील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गात २२ जणांचे प्राण गेले. तिथे खाली येण्याचा जिनाच आगीत सापडला होता. या दोन्ही ठिकाणी प्रश्न आत कोण आले हा नव्हता, बाहेर कसे पडायचे हा होता. म्हणून पहिला नियम असा की बाहेर पडण्यासाठी कार्ड, किल्ली किंवा कुणाची परवानगी लागू नये. आतून दाब दिला की उघडणारी आडवी पट्टी असलेली आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे सर्वांत योग्य.

विद्युत कुलुपे दोन जातींची असतात. काही वीज गेली की उघडतात, काही वीज गेली की बंदच राहतात. दारावर बसवले जाणारे चुंबकीय कुलूप पहिल्या जातीचे आहे. त्यातील वीजप्रवाह थांबला की दार मोकळे होते, आणि वीज असेपर्यंत साधे कुलूपसुद्धा सुमारे २७० किलोची ओढ सहन करते. म्हणजे घाबरलेल्या मुलांनी ढकलून ते उघडत नाही. यासाठी तीन जोडण्या असायलाच हव्यात. धूर टिपणारी यंत्रणा वाजली की कुलुपाची वीज आपोआप तुटली पाहिजे. दारापाशी, आतल्या बाजूला, काच दाबून उघडण्याचे हिरवे बटण असले पाहिजे. आणि हे बटण नियंत्रक संगणकाला ‘विनंती’ करणारे नसून कुलुपाची तार थेट तोडणारे असले पाहिजे. शेवटची गोष्ट हमखास चुकते. एका महाविद्यालयात मी स्वतः नियंत्रक बंद करून बटण दाबून पाहिले, आणि दार उघडले नाही. बसवणाऱ्याने काम संपल्याचा दाखला दिलेला होता, बिलही चुकते झाले होते.

जिन्याच्या तोंडाशी बसवलेली सरकती लोखंडी जाळी आणि तिला लावलेले कुलूप हा तर आपल्या इमारतींतील जुना धोका आहे. रात्री ती बंद करावी, पण मुले इमारतीत असताना ती उघडी आहे हे पाहणे एका नेमलेल्या माणसाचे, रोजच्या सहीनिशी, काम असावे.

वीजपुरवठा वारंवार खंडित होतो. अशा ठिकाणी ही यंत्रणा चालेल का?

चालेल, मात्र हिशेब आधी करावा. चुंबकीय कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर वीज घेते. सोबत मिळणारी ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ते चौदा तास चालवेल. प्रत्यक्षात नियंत्रक, वाचकयंत्र आणि बॅटरीचे वय धरता याच्या निम्म्यावर भरवसा ठेवावा. महत्त्वाच्या खोल्यांना विद्युत कुलुपासोबत साधे किल्लीचे कुलूपही ठेवावे आणि ती किल्ली कोणाकडे आहे याची नोंद असावी.

कॅमेरे किती आणि कुठे असावेत? कुठे नसावेत?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. फाटक, प्रत्येक जिन्याचा तळ व माथा, व्हरांड्यांची टोके, स्वच्छतागृहांकडे जाणारी वाट, बस उभी राहण्याची जागा आणि ज्या कोपऱ्यांत सहसा कोणी फिरकत नाही ते कोपरे यांना प्राधान्य द्यावे. स्वच्छतागृहांच्या आत, कपडे बदलण्याच्या खोलीत, आजारी मुलांना झोपवण्याच्या खोलीत आणि वसतिगृहाच्या खोल्यांत कॅमेरा कोणत्याही कारणासाठी लावू नये. वाटेवरचा कॅमेरा असा लावावा की कोण आत गेले आणि किती वेळाने बाहेर आले हे दिसेल, पण दार उघडल्यावर आतले काही दिसणार नाही.

साठवणुकीचा अंदाज स्वतः काढता येतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या गतीने चित्रण पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गीगाबाइट आणि तीस दिवसांत साधारण ६५० गीगाबाइट जागा लागते. सोळा कॅमेऱ्यांसाठी हा आकडा दहा टेराबाइटांच्या वर जातो. दरपत्रकात सोळा कॅमेरे आणि चार टेराबाइटची डिस्क लिहिली असेल, तर चित्रण महिनाभर नव्हे, जेमतेम बारा दिवस टिकेल. आणि लहान मूल घरी काही सांगते, ते बरेचदा त्यानंतर.

कॅमेरे खरेदी करताना केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षेच्या अटींनुसार प्रमाणित असल्याचा पुरावा मागावा. या अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. यंत्र बसवल्यावर मूळ सांकेतिक शब्द त्याच दिवशी बदलावा. शाळेच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण पालकांच्या मोबाइलवर देण्याची मागणी आली, तर ती नम्रपणे नाकारावी. आपल्या मुलाबरोबर इतर चाळीस मुलेही तिथे दिसतात आणि त्यांच्या पालकांनी तशी संमती दिलेली नसते.

काही घटना घडल्यास चित्रणाचे काय करावे?

सर्वांत आधी ते पुसले जाणार नाही याची व्यवस्था करावी, कारण यंत्र जुन्या चित्रणावर नवे लिहीत असते. त्या कालावधीचे चित्रण, आधीच्या व नंतरच्या एक-दोन तासांसह, वेगळ्या डिस्कवर घ्यावे आणि ते कोणी, किती वाजता, कुणासमोर घेतले हे लिहून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात चित्रणाचे हॅश मूल्यही, म्हणजे चित्रणात थोडाही फेरफार झाला तर बदलणारा ओळखीचा संकेतांक, नमूद करायचे असते. यंत्राचे घड्याळ चुकीचे असल्यास किती मिनिटांनी चुकीचे आहे ते त्याच वेळी लिहावे. ते तेव्हाच दुरुस्त करू नये.

चित्रण पोलिसांकडे द्यावे. ते शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे हा पीडित मुलावरचा दुसरा आघात आहे, आणि पॉक्सोखाली मुलाची ओळख उघड होईल असे काही प्रसृत करणे हा गुन्हाही आहे.

कंत्राटी कर्मचारी, बसचालक आणि बाहेरचे कारागीर यांच्याबाबत काय करावे?

पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कामावर घेऊ नये, ही झाली किमान अट. पडताळणी माणसाची आजवरची नोंद दाखवते, उद्याची हमी देत नाही. म्हणून कामाची आखणीच अशी करावी की कोणताही एकटा प्रौढ लहान मुलाबरोबर नजरेआड राहू नये. स्वच्छतागृहांची सफाई मुले वर्गात असताना व्हावी, बालवर्गातील मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचे काम महिला मदतनीसांनीच करावे, आणि रंगकाम किंवा दुरुस्ती सुट्टीच्या दिवशी ठेवावी. कंत्राटदाराने आयत्या वेळी ‘आजचा माणूस आजारी, हा बदली’ असे सांगून पाठवलेल्या माणसाला फाटकावरूनच परत पाठवण्याचा अधिकार शिपायाला असावा आणि त्याने तो वापरल्यास मुख्याध्यापकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या खासगी संस्थेकडे २००५ च्या कायद्याखालील परवाना आहे का, हेही पाहावे.

महाविद्यालयाचे आवार शाळेसारखे बंद ठेवता येत नाही. मग काय करावे?

ठेवू नयेच. पुण्याच्या विद्यापीठाचे गणेशखिंड येथील आवार चारशे एकरांहून मोठे आहे. तिथे प्रत्येक झाडाखाली ओळखपत्र विचारणे शक्य नाही आणि विद्यापीठाच्या स्वभावाला शोभणारेही नाही. आवार बऱ्यापैकी मोकळे आणि इमारती नियंत्रित, ही पद्धत इथे चालते. वाहनांसाठी अडथळा-दांडा, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृहांच्या दारांशी कार्ड, आणि रात्रीच्या पायवाटांवर दिव्यांची सलग रांग. दिव्यांवर केलेला खर्च मला नेहमीच सर्वांत कारणी लागलेला दिसतो.

मुलींच्या वसतिगृहांबाबत स्वतंत्रपणे लिहावे लागते. सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या येण्याजाण्यावर मुलांपेक्षा कडक वेळा लादल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ या २०१३ मधील अहवालानेच महिलांची सुरक्षितता त्यांचे फिरणे आक्रसून साधू नये, असे स्पष्ट म्हटले होते. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडे असेल, तर तिथून वसतिगृहापर्यंतची वाट उजेडाची आणि वर्दळीची करणे हे संस्थेचे काम आहे. कार्डाच्या नोंदी घरी कळवण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या की विद्यार्थिनी मैत्रिणीच्या कार्डावर ये-जा करू लागतात, आणि मग आग लागल्यास इमारतीत खरोखर कोण आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

आमची शाळा लहान गावातली आहे आणि निधी नाही. काय करता येईल?

कुंपणातली भगदाडे बुजवावीत, एकच फाटक वापरात ठेवावे, बाकीची आतून कडी लावून बंद करावीत. अभ्यागत नोंदवहीत नाव, काम, येण्याची व जाण्याची वेळ लिहून घ्यावी आणि पाहुण्याला परत करायचा रंगीत बिल्ला द्यावा, म्हणजे बिल्ला नसलेला अनोळखी माणूस चौथीच्या मुलालाही ओळखू येतो. स्वच्छतागृहांच्या दारांना आतून चालणारी कडी असावी. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात ठेवू नये, कारण तिथे चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. ती अशा जागी ठेवावी की जाता-येता हात पोहोचेल, आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालक सदस्यासमोर ती उघडावी.

यंत्रणा बसवून झाल्यावर देखभालीचे काय?

वार्षिक देखभाल करार बसवण्याच्या वेळीच करावा आणि किती तासांत माणूस येईल हे त्यात लिहून घ्यावे. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे कार्ड त्याच दिवशी बंद व्हावे. दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचे वीस दिवसांपूर्वीचे चित्रण उघडून पाहावे. थेट चित्र दिसते म्हणून साठवणही होत असेल, असे गृहीत धरू नये. सहा महिन्यांतून एकदा, मुले वर्गात असताना, आगीची घंटा वाजवून सर्व दारे खरोखर मोकळी होतात का हे पाहावे आणि शेवटचे मूल मैदानात पोहोचेपर्यंत लागलेला वेळ फळ्यावर लिहावा.